प्रोग्रामची अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा

आमच्या नेत्र रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रांग आहे आणि ती संगणकावर आहे. या रांगेबद्दल गेले काही महिने बाहेर बरंच काही बोललं जातंय. त्याचा खुलासा करण्याचं काम रांग कक्षाचा मुख्य लिपिक या नात्याने माझ्याकडे आलं आहे. खुलासा रांगेतल्या प्रत्येकाला घरपोच पाठवला जाईल. तो तुमच्या हातात पडला आहे, याचा अर्थ तुम्ही रांगेत आहात. वाचताना अक्षरं पुसट दिसत असतील तर घरातल्या कोणाकडून तरी वाचून घ्या. खुलासा समजला नाही ही तक्रार नंतर ऐकून घेतली जाणार नाही.

आणखी एक सांगून ठेवतो. आमचे साहेब कुठल्याही कागदाचं पहिलं पान वाचतात आणि शेवटच्या पानावर सही करतात. मधल्या पानांवर मी मोकळेपणाने लिहिलं आहे.

तर रांग. शस्त्रक्रियेचं मशीन एक, डॉक्टर एक, म्हणून रोज एक शस्त्रक्रिया. रुग्णालय बाराही महिने चालू असतं. सकाळी ज्याचा नंबर एक असेल त्याने उपाशीपोटी यायचं. संगणक त्याच्या नावाचा कागद छापतो, तो कागद दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत. शस्त्रक्रिया झाली की नाव रांगेतून निघतं. मग संध्याकाळी पाच वाजता प्रोग्राम उरलेल्या सगळ्यांच्या नंबरातून एक वजा करतो, आणि रांग एका पावलाने पुढे सरकते. यात न कळण्यासारखं काही नाही. या प्रणालीला 'गतिमान रांग' हे प्रशस्तिपत्र मिळालेलं आहे. त्याच्या शेजारी 'निर्दोष प्रणाली' हे प्रमाणपत्र आहे. दोन्ही माझ्या टेबलामागे एकाच खिळ्याला लावली आहेत, कारण दुसरा खिळा मंजूर झाला नाही.

सहा-सात महिन्यांपूर्वी समोरच्या गल्लीतल्या घड्याळवाल्या काकांचा नंबर एक झाला. काका म्हणजे तीस वर्षं आमच्या भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करणारा माणूस. उजवा डोळा आधीच गेलेला, डाव्यावर सगळा संसार. सकाळी सात वाजता उपाशीपोटी, इस्त्रीचा सदरा घालून, मुलीबरोबर आले. त्या दिवशी डॉक्टर नव्हते. 'रुग्णाला ताटकळत न ठेवण्याच्या आधुनिक पद्धती' या विषयावरच्या परिसंवादाला गेले होते.

"काका, उद्या या," मी म्हटलं.

संध्याकाळी पाच वाजले. प्रोग्रामने सगळ्यांच्या नंबरातून एक वजा केला. काकांचा नंबर शून्य झाला.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा उपाशी आले. मी त्यांना नियम काढून दाखवला. रांग एकपासून सुरू होते, शून्य नंबराच्या माणसासाठी कागद छापला जात नाही. "पण मी एकच्या पुढे गेलोय ना?" काका म्हणाले. मी म्हटलं, "पुढे गेलात म्हणूनच. तुम्ही रांगेच्या बाहेर पडलात." त्या दिवशी ज्यांचा नंबर एक होता त्या बाईंची शस्त्रक्रिया झाली. जाताना त्यांनी काकांना नमस्कारही केला. संध्याकाळी पुन्हा पाच वाजले.

तिसऱ्या दिवशी काकांच्या हातातली पावती तीन ओळींची होती, कारण नंबर एका ओळीत मावला नव्हता. चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे पंच्याण्णव.

"हा काय आकडा आहे?" त्यांच्या मुलीने विचारलं.

"नंबर आहे," मी म्हटलं. "रोज एकाने कमी होईल. धीर धरा."

ती शाळेत गणित शिकवते. तिथेच खिडकीशी उभं राहून तिने पावतीच्या मागे भागाकार केला आणि माझ्यासमोर धरला. एक कोटी सतरा लाख सदुसष्ट हजार वर्षं. मी तिला समजावलं की हा हिशेब डॉक्टरांच्या रजा न धरता केलेला आहे, प्रत्यक्षात थोडं पुढे-मागे होईल.

काका मात्र हसले. म्हणाले, "अहो, माझा नंबर शून्यावर होता. शून्यावरून कोणीतरी आणखी एक दात मागे फिरवला. चाक गोल असतं, ते जाणार कुठे? फिरून पार दुसऱ्या टोकाला. मीटरवर सगळी शून्यं असताना उलटं फिरवलं की सगळे नऊ येतात, तसं झालंय."

"काका, हा संगणक आहे," मी म्हटलं. "याच्यात दातेरी चाकं नसतात." मला त्यांची कीव आली होती, हे कबूल करतो.

डॉक्टरांनी काकांच्या केसपेपरवर लिहिलं होतं: डावा डोळा, सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया न झाल्यास नजर परत येण्याची खात्री नाही. नाव काढून नव्याने घालायचं म्हटलं तर नवा नंबर आठ महिन्यांनंतरचा. शिवाय रांगेत असलेल्या माणसाचं नाव शस्त्रक्रियेशिवाय काढण्याची सोय प्रोग्राममध्ये नाही. म्हणजे काकांकडे एकच मार्ग होता, तो नंबर दुरुस्त होणं. आणि वेळ सहा महिने.

मी तो आकडा साहेबांच्या कानावर घातला. साहेब दचकतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत मागे रेलले.

"जगाची लोकसंख्या किती?"

"आठशे कोटींच्या आसपास, साहेब."

"म्हणजे जगातल्या निम्म्याहून जास्त लोकांना मोतीबिंदू आपल्याकडे काढून घ्यायचाय." साहेबांचा ऊर भरून आला. संध्याकाळपर्यंत दारावर फलक लागला: 'चारशे कोटींहून अधिक रुग्णांचा विश्वास'. काकांना तो फलक वाचता आला नाही, मुलीने वाचून दाखवला.

आमच्याकडे प्रोग्राम सांभाळायला एक बाई आहेत. म्हणजे होत्या, कंत्राटी. संगणक कक्षात प्रशस्तिपत्रांचं कपाट असल्यामुळे त्यांचं टेबल धुतलेल्या चादरींच्या खोलीत होतं. बाईंना आकडा आणि काकांचं चाकाचं म्हणणं सांगितल्याबरोबर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "प्रोग्राम चालू असतानाच त्याच्या पोटात बघावं लागेल. डीबगर लावते. प्रोग्राम जागच्या जागी थांबेल, मी काकांच्या नावापुढे मेमरीत नेमकं काय ठेवलंय ते बघेन, आणि त्याला पुन्हा चालू करेन. चार मिनिटांचं काम आहे."

"थांबेल म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"थांबेल म्हणजे थांबेल. आहे त्या ओळीवर उभा राहील. त्याला कळणारही नाही."

"कामाच्या वेळेत?"

"कामाच्या वेळेतच बघायचंय, साहेब. बंद केला की मेमरी रिकामी, मग काय बघणार?"

साहेबांनी नियमांचं पुस्तक मागवलं. कामाच्या वेळेत काम थांबवणं हे दोनच प्रकारे शक्य होतं, संप किंवा रजा. संपाची नोटीस प्रोग्राम देऊ शकत नव्हता. राहिली रजा. आता रजेवर जायचं तर अर्ज हवा, अर्ज करणाऱ्याचं सेवापुस्तक हवं. प्रोग्रामचं सेवापुस्तक कधी उघडलंच गेलं नव्हतं, ही गंभीर त्रुटी मीच लक्षात आणून दिली. ते तयार करायला पाच आठवडे लागले. ओळखखूण या रकान्यावर बराच खल झाला.

अर्जाचा मसुदा माझा. 'मी, रांग प्रणाली, पोटाच्या तपासणीसाठी चार मिनिटांची किरकोळ रजा मंजूर व्हावी ही विनंती.' प्रोग्रामला सही येत नसल्यामुळे डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यावा असं ठरलं. अंगठा माझा घेतला. चार मिनिटांची रजा नियमात नव्हती, कमीत कमी अर्धा दिवस, म्हणून अर्धा दिवस मंजूर झाली, पण तपासणी चार मिनिटांतच उरकावी अशी अट घातली गेली.

मग प्रश्न आला, त्याच्या जागी कोण. जागा रिकामी ठेवता येत नाही. साहेबांनी आदेश काढला आणि त्या अर्ध्या दिवसासाठी मला प्रभारी प्रोग्राम नेमलं. नोकरीत मिळालेली ही माझी एकमेव बढती. मी त्या दिवशी नवा पेन नेला होता.

ठरलेल्या सकाळी बाईंनी चादरींच्या खोलीत डीबगर सुरू केला. 'ॲटॅच' अशी आज्ञा दिली, प्रोग्राम थांबला. 'प्रिंट' म्हटलं, पुढे काकांच्या नोंदीचं नाव दिलं. पडद्यावर तोच अवाढव्य आकडा आला, इतक्या दिवसांत चाळीसने कमी झालेला. मग बाईंनी तीच जागा मेमरीत जशी आहे तशी दाखवायला सांगितली. सहा एफ आले, एकाशेजारी एक, आणि शेवटी डी सात. मग त्या म्हणाल्या, "आता हाच आकडा उणे-अधिकाची खूण धरून वाच असं सांगते."

पडद्यावर आलं: उणे एक्केचाळीस.

"शून्यातून एक वजा केला, उणे एक झाला, मग रोज एकेक वजा होत इथवर आला," बाई म्हणाल्या. "पण हा प्रोग्राम लिहिणाऱ्याने सांगून ठेवलंय की नंबर कधी उणे असणारच नाही. म्हणून तो उणे आकड्याला अवाढव्य आकडा समजतोय. डॉक्टर रजेवर असले तर काय, हा विचारच केलेला नाही. काका म्हणाले होते तेच झालंय."

मी उठून माझ्या खिडकीशी गेलो. तिथे एक आजोबा येऊन उभे राहिले होते आणि प्रभारी प्रोग्राम म्हणून मी त्यांना कागदावर हाताने नंबर लिहून दिला. खरं सांगतो, त्या चार मिनिटांत मनात आलं, की संध्याकाळी मला कोणी शून्यातून एक वजा करायला सांगितलं असतं तर मी केलं असतं का? आदेश असता तर केलं असतं. प्रोग्रामला मी दोष देत नाही.

बाईंना वाटलं होतं, आता झालंच. साहेबांनी तो पडदा पाहिला आणि म्हणाले, "हे पडद्यावर आहे. फाइलला लावायचं काय?"

"या ओळीचा फोटो काढून देते."

"एकच ओळ कशी? उद्या कोणी म्हणेल सोयीची तेवढी ओळ काढली. सगळी मेमरी छापा."

छापली. नऊ हजार चारशे पानं. त्यातल्या बहुतेक पानांवर फक्त शून्यं होती. प्रत्येक पान मूळ मेमरीशी ताडून 'खरी नक्कल' असा शिक्का मारायचा होता, म्हणून मी शून्यं मोठ्याने वाचायचो आणि शेजारच्या टेबलावरचा, आवक-जावक टपाल बघणारा बारनिशी लिपिक खुणा करायचा. दिवसाला दीडशे-दोनशे पानं. जेवणाच्या सुट्टीत कुठल्या शून्यावर आलो होतो ते विसरलं की पान पहिल्यापासून. दोन महिने गेले. घशाला गोळ्या चालू होत्या.

या काळात काका दर मंगळवारी यायचे. आधी एकटे यायचे, मग काठी घेऊन, मग मुलीच्या खांद्यावर हात ठेवून. एकदा आमचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, तर त्यांनी ते खाली काढून मागवलं आणि बाकावर बसून नुसत्या बोटांनी उघडलं. एक स्क्रू खाली पडला. तो शोधायला ते गुडघ्यांवर बसले आणि फरशीवर हात फिरवत राहिले. स्क्रू माझ्या बुटाजवळ होता. मी तो उचलून दिला. एवढं मी केलं, याची नोंद व्हावी.

"काटे दिसले नाहीत तर मी कोण हो?" ते म्हणाले. "लोक मला नावानं ओळखत नाहीत, घड्याळवाला म्हणून ओळखतात."

"फाइल पुढे सरकतेय, काका."

"नंबर कितीनं कमी झाला?"

"रोज एकाने. अगदी नियमित."

साक्षांकनानंतर मेमरी-पाहणी समिती बसली. अध्यक्ष साहेब, सचिव मी, तांत्रिक सदस्य बाई, मत देण्याचा अधिकार नसलेल्या. बाईंनी दोन उपाय मांडले. पहिला कायमचा. प्रोग्राममध्ये एक ओळ घालायची, की डॉक्टर नसतील त्या दिवशी वजाबाकी करू नकोस. हा उपाय समितीने पाच मिनिटांत फेटाळला. कारण उघड आहे. दुरुस्ती केली म्हणजे चूक होती हे मान्य केलं. चूक होती तर 'निर्दोष प्रणाली' हे प्रमाणपत्र खोटं ठरतं. प्रमाणपत्र परत करायचं तर खिळा काढावा लागेल, आणि त्याच खिळ्यावर प्रशस्तिपत्रही आहे.

"मग निदान काकांचा नंबर तरी दुरुस्त करू द्या," बाई म्हणाल्या. "प्रोग्रामला हात लावत नाही. डीबगरमधून मेमरीतला तेवढा आकडा बदलते. 'सेट' म्हणायचं, एक लिहायचं, एंटर दाबायचं. सहा महिने संपायला अजून पाच आठवडे आहेत."

साहेबांना हे बरं वाटलं. प्रोग्रामची दुसरी रजा मंजूर झाली. पहिल्या रजेतला अनुभव लक्षात घेऊन प्रभारी प्रोग्राम पुन्हा मीच. या वेळी चार मिनिटांच्या अटीचं उल्लंघन होऊ नये म्हणून माझ्या हातात घड्याळ दिलं होतं.

चादरींच्या खोलीत आम्ही तिघे उभे होतो. दारात काका आणि त्यांची मुलगी. काका उपाशी आले होते. तशी गरज नव्हती, पण आले होते. बाईंनी प्रोग्राम थांबवला. 'सेट' लिहिलं, काकांची नोंद लिहिली, बरोबरचं चिन्ह, एक. बोट एंटरवर ठेवलं.

"एक मिनिट," साहेब म्हणाले. "यांचा नंबर एक झाला, तर आज ज्यांचा एक आहे त्यांचं काय?"

"त्यांचा दोन होईल. सगळे एकेक दिवसाने मागे जातील. फक्त एक दिवस, साहेब."

"सगळे म्हणजे किती?"

"दोनशे एकतीस."

"म्हणजे एका माणसासाठी दोनशे एकतीस लोकांवर अन्याय," साहेब म्हणाले. "त्यांची संमती हवी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बोट अजून एंटरवरच होतं. मला माहीत होतं की ते बोट खाली गेलं तर कोणी काही करू शकणार नाही. कारण पुन्हा बदलायचं तर पुन्हा रजा, पुन्हा अर्ज, पुन्हा माझा अंगठा. साहेबांचं लक्ष खिडकीकडे होतं. माझ्या हातातल्या घड्याळात तीन मिनिटं दहा सेकंद झाले होते. पन्नास सेकंद शिल्लक होते, आणि बाई माझ्या एका होकारासाठी थांबल्या होत्या.

"बाई, वेळ संपली," मी म्हटलं.

त्यांनी ओळ पुसली. 'कंटिन्यू' म्हटलं. प्रोग्राम कामावर रुजू झाला.

संमतीपत्रं दोनशे एकतीस घरी गेली. मजकूर साधा होता: 'दृष्टी जाण्याच्या बेतात असलेल्या एका रुग्णाला आपल्या पुढे घेतल्यास व आपली शस्त्रक्रिया एक दिवसाने पुढे गेल्यास माझी हरकत नाही.' खाली चौकट, सहीसाठी. ते पत्र आमच्याही घरी आलं, कारण माझ्या सासूबाई रांगेत आहेत. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचलं.

"एक दिवसाचं काय घेऊन बसलेत हे लोक?" त्या म्हणाल्या. "द्या इकडे पेन. बिचाऱ्याचा धंदाच डोळ्यांचा."

मला आमच्या सासूबाईंचं हे नेहमीच आवडतं. पण मी प्रभारी प्रोग्राम होतो, काही गोष्टी मला माहीत होत्या. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो.

"आई, डॉक्टरांचा पुढचा परिसंवाद ठरलाय. तुमची शस्त्रक्रिया त्याच्या बरोबर आदल्या दिवशी येते. एक दिवस पुढे गेलात तर तुमचा नंबर एक होईल आणि डॉक्टर नसतील. मग शून्य. मग चारशे एकोणतीस कोटी."

"प्रोग्राम दुरुस्त केला नाहीत अजून?"

"प्रोग्राम निर्दोष आहे, आई."

सासूबाईंनी पत्राची घडी घातली. मग पेन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "त्यांची मुलगी आहे ना सांभाळायला." त्या दिवशी जेवताना त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. वाईट वाटतं अशा वेळी, पण घरात एक माणूस व्यवस्था समजणारा असला की किती फरक पडतो, हे त्यांना आतून पटलं असावं.

त्या दोनशे एकतीसपैकी एकही संमतीपत्र परत आलं नाही. वरचं एक आलं, घड्याळवाल्या काकांचं. ते स्वतः रांगेत असल्यामुळे प्रोग्रामने त्यांनाही पाठवलं होतं. स्वतःला स्वतःच्या पुढे घ्यायला त्यांची हरकत नव्हती. पण सही चौकटीबाहेर होती, चार बोटं खाली, कागदाच्या कडेला. चौकट त्यांना दिसली नव्हती. चौकटीबाहेरची सही ग्राह्य धरता येत नाही, म्हणून संमतीचं प्रमाण शून्य भरलं आणि फाइल बंद झाली.

बाईंनी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. जाताना त्यांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. एक ओळ होती, प्रोग्राममध्ये घालायची ती. खाली लिहिलं होतं, 'कुठल्याही दिवशी घाला, दहा मिनिटं लागतील.' मी तो जपून ठेवला आहे. कुठल्या फाइलला लावायचा हे ठरलेलं नाही.

सहा महिने उलटल्यावर डॉक्टरांनी काकांचा डोळा तपासला. आता उपयोग नाही म्हणाले. आतली नस गेली होती. डॉक्टरांना वाईट वाटलं. त्यांनी पुढच्या परिसंवादासाठी हे उदाहरण लिहून घेतलं.

काका अजूनही मंगळवारी येतात. शस्त्रक्रियेचा आता काही अर्थ नाही, हे त्यांना माहीत आहे. पण नाव काढण्याची सोय नाही, म्हणून ते रांगेत आहेत. मुलगी त्यांना माझ्या खिडकीशी आणून उभं करते आणि तोंड फिरवून उभी राहते. माझ्याशी ती बोलत नाही.

"एकाने कमी झाला का?" काका विचारतात.

"झाला, काका."

"बरं आहे. यंत्र चालू आहे म्हणायचं." मग ते भिंतीकडे कान देतात आणि घड्याळ मागे पडतंय का ते ऐकतात. ते सांगतील तसा मी काटा सरकवतो.

असा हा सगळा प्रकार. यात कोणाचीही चूक आढळून आलेली नाही. हा शेवटचा परिच्छेद प्रत्येक प्रतीक्षार्थीच्या नंबरानुसार स्वतंत्र छापला आहे, तेव्हा हा फक्त तुमच्यासाठी आहे. वाचताना तुम्ही साहेबांवर चिडला असाल, बहुधा माझ्यावर जास्त, सासूबाईंवरही थोडं. चिडायला हरकत नाही. तुमच्याकडे संमतीपत्र आलं होतं, ते तुम्ही परत पाठवलं नाहीत, याची आमच्याकडे नोंद आहे. त्यामुळे तुमचा दिवस हलला नाही. सासूबाईंची शस्त्रक्रिया परिसंवादाच्या आदल्या दिवशी वेळेवर होईल, आणि रांगेत त्यांच्या लगेच मागे तुम्ही आहात. तुम्ही सगळ्यांनी सही केली असतीत तर तुमचा नंबर आणखी एका दिवसाने पुढे गेला असता आणि तोवर डॉक्टर परत आलेले असते. असो. आपल्या दिवशी सकाळी सात वाजता उपाशीपोटी यावं. येताना कोणाला तरी बरोबर आणा.